दोघींत एक आवाज

बसस्थानकावर तिला नावानं हाक मारणारं कोणी नव्हतं. सगळे तिला भोंगाताई म्हणत. पाठीमागे म्हणत, तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. उलट एखाद्या नव्या वाहकानं नुसतं 'ताई' म्हटलं, तर ती त्यालाच सुनवायची, "ताई घरी. इथं भोंगाताई म्हणायचं."

स्थानकाच्या मधोमध काचेची खोली होती. खोली कसली, कपाटाला चारी बाजूंनी खिडक्या काढाव्यात तसं प्रकरण. आत एक खुर्ची, एक टेबल, टेबलावर माईक, आणि वर छपरावर चार दिशांना तोंडं करून बसलेले भोंगे. गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती सुटतेय, कोणती रखडलीय, ते सांगायचं, एवढंच काम. पण भोंगाताईच्या हातात कुठलंही काम एवढंच राहत नसे. काचेतून तिला सगळा पसारा दिसायचा आणि दिसलेलं पोटात ठेवायची तिला सवय नव्हती. "बंदराची गाडी फलाट तीनवर लागली आहे. अहो निळा सदरा, धावू नका, चालकाचा चहा व्हायचाय अजून!" सगळं स्थानक हसायचं आणि निळा सदरा ओशाळून चालायला लागायचा. रोजचे प्रवासी तिकीट काढताना मान वर करून काचेकडे हात हलवायचे. ती मान डोलवायची, अगदी राणीसारखी.

दिसायला बाई चारचौघींसारखीच. देवानं जे काय दिलं होतं ते सगळं गळ्यात ओतलं होतं. आवाज असा खणखणीत, की माईक बंद पडला त्या दिवशीही गाड्या वेळेवर भरल्या.

तिच्या धाकट्या बहिणीच्या गळ्यात मात्र देवानं काहीच ठेवलं नाही. अगदी लहानपणी घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. कान तीक्ष्ण, डोकं त्याहून तीक्ष्ण, पण बोलणं नाही. 'मुकी' हा शब्द त्या घरात काढायची सोय नव्हती. शेजारच्या काकूंनी एकदा काढला, तर भोंगाताईनं जिन्यात उभं राहून त्यांची अशी खरडपट्टी काढली, की काकू कित्येक दिवस मागच्या दारानं ये-जा करत होत्या. "तोंड नाही कसं तिला?" ती म्हणायची. "मी आहे ना तिचं तोंड!"

आणि होतीच ती. दवाखान्यात, दुकानात, नातेवाइकांत, सगळीकडे. दोघींनी लहानपणीच आपल्या आपण खुणा बसवल्या होत्या, त्या तिसऱ्या कोणाला कळत नसत. धाकटी दोन खुणा करी आणि भोंगाताई त्याची चार वाक्यं करून सांगे, "तिला काय म्हणायचंय ना..." आता दोन खुणांत चार वाक्यं कुठून येतात, हे कोणी कधी विचारलं नाही. धाकटीनंही नाही. ती विचारणार तरी कशी? लग्न दोघींचंही झालं नाही. मोठीला धाकटीला सोडून जायचं नव्हतं, आणि धाकटीला काय हवं होतं ते पाहुण्यांना मोठीनंच सांगितलं.

माया होती, खोटं कशाला बोला? स्वतःच्या पानातलं तिच्या पानात वाढणारी बाई ती. पण मायेला एकदा मालकीची सवय लागली ना, की ती सुटता सुटत नाही.

तर अशात स्थानकावर यंत्र आलं.

यंत्राबरोबर एक चष्मेवाला आला, त्याला सगळे यंत्रवालाच म्हणू लागले. तो म्हणाला, आता ओरडायला नको. अक्षरं टाइप करायची, यंत्र ती बोलून दाखवेल. भोंगाताईला म्हणाला, "ताई, तुमचा आवाज आम्हाला द्या. तुम्ही नुसतं वाचत जा, यंत्र शिकत जाईल. मग काय लिहाल ते तुमच्या आवाजात बोलेल." ती अशी खूश झाली की विचारू नका. काम संपलं की रोज बंद खोलीत बसून वाचायची. आकडे वाचले, फलाट वाचले, वर्तमानपत्र वाचलं, यंत्रवाल्यानं दिलेली काय काय विचित्र वाक्यं वाचली. घरी येऊन धाकटीला ऐकवायची, "बघ, मी म्हातारी झाले तरी माझा आवाज ताठच्या ताठ राहणार. घसा बसला तरी गाडी अडणार नाही." यंत्र आपल्यासाठी आणलंय, यात तिला तिळभर शंका नव्हती.

मग साहेबांनी, म्हणजे स्थानकप्रमुखांनी, सांगितलं की त्या खुर्चीसाठी परीक्षा होईल. जो भरभर आणि बिनचूक टाइप करेल, त्याची खुर्ची.

भोंगाताई एका बोटानं टाइप करायची. एक अक्षर दाबायची, पडद्याकडे बघायची, मग पुढचं अक्षर शोधायची. सगळा कळफलक पालथा घालेपर्यंत गाडी पुढच्या गावाला पोचायची. यंत्रवाल्यानं तिला शिकवून पाहिलं. ती म्हणायची, "अहो, जे मी श्वासात बोलते ते बोटानं कशाला खणून काढू?"

धाकटी दुपारी तिचा डबा घेऊन यायची. डबा टेबलावर ठेवून कोपऱ्यात फोनवर बोटं चालवत बसायची. तिचं सगळं जगणंच लिहिण्यावर. मैत्रिणींशी गप्पा लिहून, भांडणं लिहून, घरबसल्या शिवणकामाच्या ऑर्डरी लिहून. यंत्रवाल्यानं तिची बोटं पाहिली आणि हातातला पेचकस खाली ठेवला. "ताई, ही कोण?" "माझी बहीण. बोलत नाही ती." "पण टाइप काय करते!" तो म्हणाला आणि उठून थेट साहेबांकडे गेला. बोलता येत नाही, दिसत नाही म्हणून ज्यांना आजवर दारातूनच परत पाठवत होते, त्यांनाही आता कामावर घ्यायचं असा काही नियम आला होता म्हणे. साहेबांना आयतंच मिळालं.

परीक्षेत धाकटीनं भोंगाताईच्या दोन ओळी होईपर्यंत पान संपवलं, आणि उरलेल्या वेळात नखं बघत बसली.

झालं! आयत्या बिळावर नागोबा. धाकटी काचेच्या खोलीत गेली आणि भोंगाताई समोरच्या चौकशीच्या खिडकीत आली. पगार तोच, मान गेला. पहिल्या दिवशी सकाळी ती खिडकीत बसली, आणि वरून भोंगा बोलला, "विमानतळाची गाडी फलाट एकवर लागत आहे." खणखणीत. शब्दाशब्दाला तिचा स्वतःचा आवाज. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. खुर्ची माझी, आवाज माझा, आणि बसलीय ही! साखर तिनं खावी आणि तोंड माझं गोड म्हणावं, असला न्याय.

साखरेवरून आठवलं. धाकटीनं तोच आवाज स्वतःच्या फोनवरही घालून घेतला होता. त्या संध्याकाळी घरी भोंगाताईनं चहा ठेवला, नेहमीप्रमाणे एका कपात साखर घातली आणि दुसरा बिनसाखरेचा धाकटीपुढे ठेवला. धाकटीनं फोनवर बोटं चालवली. फोन भोंगाताईच्याच आवाजात म्हणाला, "मला साखर हवी."

"अगं, तुला गोड चालत नाही!"

"चालतं. तू सगळ्यांना सांगतेस चालत नाही."

भोंगाताईनं साखरेचा डबा तिच्यापुढे आदळला. धाकटीनं दोन चमचे घातले, चवीनं, डोळे मिटून प्यायली. एवढ्याशा चहावरून मोठीला रात्रभर पोटात दुखत राहिलं, आणि ते दुखणं काही औषधानं जाणारं नव्हतं.

पुढे रोजच काहीतरी. धाकटी आता एकटी बाजारात जायची. भाजीवाला, जो आजवर भोंगाताईशीच दोन शब्द बोलायचा, तो आता धाकटीशी घासाघीस करताना खो खो हसायचा. "तुमची बहीण भारी विनोदी आहे हो! इतके दिवस कळलंच नाही." भोंगाताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. विनोदी? ती? आणि माझ्या आवाजात विनोद करते? शिवणाचं गिऱ्हाईक फोनवर म्हणालं, "काल तुम्ही किती छान समजावलंत." भोंगाताईनं समजावलंच नव्हतं. नातेवाइकांत एका मावशीनं तर कहर केला. म्हणाली, "तुम्हा दोघींत धाकटी जास्त हुशार, हे मला आधीपासून वाटायचंच." वाटायचं म्हणे! आधी कधी तिच्याकडे मान वळवून पाहिलं होतं का या मावशीनं?

स्थानकावर तर जळण्याला सुट्टीच नव्हती. प्रवासी खिडकीशी येऊन म्हणत, "भोंगाताई, हल्ली गडबड करत नाही तुम्ही, नेमकं बोलता. बरं वाटतं." ती दात-ओठ खाऊन म्हणायची, "ते मी नाही. यंत्र आहे ते." धाकटीचं नाव तिनं एकदाही घेतलं नाही. कोणी विचारलं, "मग आत बसते ती कोण?" तर म्हणायची, "बटणं दाबायला ठेवलीय कोणीतरी."

ती मनातल्या मनात देवाला एकच मागायची, की हिनं एकदा तरी चुकावं. एकदा. सगळ्यांसमोर.

एकदा चुकलीच. पहिल्या आठवड्यातच. नियंत्रण खोलीतून फोन आला, की बंदराची गाडी उशिरा येईल. धाकटी तोंडानं 'कळलं' म्हणू शकत नव्हती, म्हणून तिनं समोरच्याच यंत्रावर लिहिलं, आणि चारही भोंग्यांतून अख्ख्या स्थानकाला ऐकू गेलं, "हो साहेब, कळलं, मी सांगते." लोक हसले. भोंगाताई खिडकीत टाळ्या वाजवायची राहिली. पण यातून निघालं भलतंच. साहेब म्हणाले, यापुढे फोन चौकशीच्या खिडकीत ठेवा. मोठी बहीण फोन घेईल, 'कळलं' म्हणेल आणि काचेतून धाकटीला खूण करेल. त्यांच्या खुणा आहेतच.

म्हणजे पुन्हा धाकटीच्या कानाशी तीच. भोंगाताईला आधी बरं वाटलं, मग त्याहून वाईट वाटलं. आजवर बहीण खुणा करायची आणि ही बोलायची. आता ही खुणा करायची आणि बहीण बोलायची. दिवसभर काचेपुढे हात वर करून उभं राहायचं, वाहतूक पोलिसासारखं.

खुणा अशा. एक म्हणजे नाकाला बोट. दोन म्हणजे दोन्ही कान धरायचे. पाच म्हणजे पंजा. लहानपणी ठरवलेल्या त्या, एकमेकींच्या रक्तात भिनलेल्या. झोपेत विचारलं तरी चुकणार नाहीत.

मग एके दिवशी सकाळी साहेब फेरीला आले होते, बरोबर वरच्या कार्यालयातले दोघे मोठे अधिकारी. काचेच्या खोलीपुढे उभे राहिले. साहेब अभिमानानं म्हणाले, "ही आमची नवी उद्घोषिका. बोलता येत नाही, आणि स्थानक हिच्या बोलण्यावर चालतं!" अधिकारी वा वा म्हणाले. एकानं तर काचेतून धाकटीला नमस्कार केला. धाकटी लाजली आणि हसली. भोंगाताई तिथंच चार हातांवर खिडकीत होती. साहेबांनी तिच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही. 'आणि हा आवाज हिचा' एवढे चार शब्द बोलायला काय जात होतं? आता काही जण म्हणतील, एवढ्यावरून कोणी असं करतं का? करतं. माणूस मोठ्या दुःखानं शहाणं होतं, पण असल्या छोट्या डंखानं वेडं होतं.

अधिकारी वळले आणि फोन वाजला. नियंत्रण खोली म्हणाली, "फलाट पाचवर तेल सांडलंय. इस्पितळाची गाडी फलाट दोनवर लागेल."

"कळलं," भोंगाताई म्हणाली.

तिनं काचेकडे पाहिलं. धाकटी तिच्याकडेच बघत होती, भुवया उंचावून, काय म्हणून. भोंगाताईचे हात कानांपर्यंत गेले होते. खरंच गेले होते. मग खाली आले. आणि तिनं पंजा दाखवला.

धाकटीनं मान हलवली. भोंगे बोलले, "इस्पितळाची गाडी फलाट पाचवर लागत आहे."

सगळी माणसं पाचवर जाऊन उभी राहिली. तेलाचा डाग बघून एकमेकांना सांभाळत, पण उभी राहिली. भोंगा म्हणतोय म्हणजे खरंच असणार. तिकडे दोनवर गाडी आली, थांबली, आणि अर्धी रिकामी निघून गेली. डोळ्यांवरची पट्टी काढून घ्यायला निघालेले एक आजोबा होते, सुनेचा हात धरून. गाडी गेल्याचं कळल्यावर सून रडकुंडीला आली. म्हणाली, डॉक्टर आजचेच आहेत हो, पुढचे कित्येक दिवस नाहीत.

आता भोंगाताईचा हिशेब असा होता, की लोक काचेच्या खोलीवर जातील, साहेबांच्या पाहुण्यांसमोर आरडाओरडा करतील, आणि धाकटी घामाघूम होईल. पण लोक काचेच्या खोलीकडे फिरकलेच नाहीत. सगळा जमाव चौकशीच्या खिडकीवर तुटून पडला.

"बाई, तुम्हीच म्हणालात पाच!"

"मी नाही! ती आत बसलीय ना, तिनं सांगितलं!"

"आवाज तुमचा! आम्ही काय बहिरे आहोत?"

"एवढ्या वर्षांचा तुमचा आवाज ओळखत नाही होय आम्ही? लाज नाही वाटत दुसऱ्यावर ढकलायला?"

करायला गेली एक आणि झालं एक. आपलाच आवाज आपल्या अंगावर आला. आजोबा मात्र ओरडले नाहीत. पट्टी बांधलेलं तोंड खिडकीकडे करून नुसते म्हणाले, "तुमच्या आवाजावर विसंबून आलो हो." शिव्यांपेक्षा ते जास्त लागलं. साहेबांनी स्वतःच्या गाडीतून त्यांना इस्पितळात पाठवलं, आणि दोघी बहिणींना खोलीत बोलावलं.

खोलीत साहेब, यंत्रवाला आणि या दोघी. साहेबांनी धाकटीला विचारलं, "फलाट बदलल्याचं तुम्हाला कळलं नव्हतं का?"

भोंगाताई सवयीनं पुढे झाली. "साहेब, तिला काय म्हणायचंय ना—"

"तुम्ही थांबा. त्यांचं त्यांना बोलू द्या."

धाकटीनं फोन काढला. बोटं चालली. "ताईनं मला पंजा दाखवला."

साहेबांनी चुकून भोंगाताईकडेच पाहिलं. आवाज तिचा ना!

"तिला नीट दिसलं नसेल," भोंगाताई म्हणाली. "काचेवर ऊन येतं."

"ऊन नव्हतं. तू माझ्याकडे बघत होतीस."

"मग चुकला असेल माझा हात! माणूस आहे मी, यंत्र नाही!"

"कान आणि पंजा चुकत नाही. चार वर्षांची होते तेव्हापासून चुकलेला नाही."

"बघा! बघा कशी चुरूचुरू बोलते! घास भरवून मोठी केली हिला—"

"भूक नव्हती तेव्हाही भरवलास."

"काय कमी केलं गं मी तुला?"

"कमी नाही केलंस. माझं बोलणंसुद्धा तूच केलंस."

बाहेर चहावाला कप घेऊन दाराशी थांबला होता. तो नंतर सगळ्यांना सांगत होता, की भोंगाताईचं डोकं फिरलं बहुतेक, आत एकटीच स्वतःशी कडाकडा भांडत होती. त्याचं काय चुकलं? दारातून एकच आवाज ऐकू येत होता. जन्मात दोघी बहिणींचं पहिलं भांडण ते, आणि एका आवाजात चाललं होतं.

"इतक्या वर्षांत एकदा उलटून बोलली नाहीस!" भोंगाताई ओरडली.

"कशानं बोलणार होते?"

साहेबांनी टेबलावर हात आपटला. "पंजा मुद्दाम दाखवला का, एवढंच सांगा."

भोंगाताईचा बांध फुटला. "हो, दाखवला! मुद्दाम दाखवला! जळते मी हिच्यावर, जळते! माझी खुर्ची घेतली, माझी माणसं घेतली, भाजीवाल्यापर्यंत सगळे हिचे झाले! आणि वर माझाच आवाज चोरून माझ्यावरच उलटते! दुसऱ्या कोणाचा आवाज मिळाला नाही तुम्हाला?"

यंत्रवाला पुढे झाला. तो चाचरत म्हणाला, "ताई, चोरला नाही हो कोणी. यंत्राबरोबर तयार आवाज खूप आलेत. साहेब म्हणाले होते, जी बसेल तिला आवडेल तो लावा. हिनं सगळे ऐकले. मी म्हटलंसुद्धा, हा घे, तुझ्या वयाला शोभतो, गोड आहे. हिनं तुमचाच मागितला. मी विचारलं का, तर लिहिलं, 'बोलायचं म्हणजे मला हाच आवाज माहीत आहे.'"

भोंगाताईनं धाकटीकडे पाहिलं. बोलणार तरी कोणत्या तोंडानं?

धाकटीची बोटं पुन्हा चालली. या वेळी सावकाश. "आता दुसरा लावा," फोन म्हणाला. तेवढंच.

साहेबांनी जुन्या सेवेकडे बघून भोंगाताईला सक्त ताकीद देऊन सोडलं. खिडकीतला फोन त्याच दिवशी काढला. धाकटीच्या टेबलावर एक लहान पडदा आला, त्यावर नियंत्रण खोलीचा निरोप उमटायचा आणि खाली 'कळलं' असं एक बटण होतं. मध्ये कोणाची गरज उरली नाही. हात वर करून उभं राहायलासुद्धा नको.

त्या संध्याकाळी घरी दोघी समोरासमोर जेवल्या. भोंगाताईनं दोनदा भाजी वाढायला पळी उचलली आणि दोनदा परत ठेवली. धाकटीनं खूणही केली नाही आणि फोनही काढला नाही. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगाताई खिडकीत बसली. वरून भोंगा बोलला, "विमानतळाची गाडी फलाट एकवर लागत आहे." कोण्या अनोळखी बाईचा आवाज. तरणाताठा, मध घातल्यासारखा. तिनं खिडकीतून मान बाहेर काढली. आता लोक विचारतील, भोंगाताई कुठे गेली म्हणून. आता ओरडतील. दोन-चार जणांनी वर पाहिलं, आणि फलाट एककडे गेले. गाडी भरली, गाडी सुटली. मग बंदराची लागली, तीही भरली. एवढी वर्षं ज्या आवाजावर गाड्या हलतात असं ती समजत होती, त्याच्याशिवाय एकही चाक अडलं नाही.

बहिणीवर जळून झालं होतं. आता त्या मधाच्या आवाजावर ती जळू लागली, जो कोणाचाच नव्हता, आणि तरी धाकटीच्या तोंडी होता. दिवसभर तो आवाज ऐकायचा. घरी गेल्यावर तोच म्हणेल, ताई, पळी दे. ताई, दिवा लाव. कुठलीतरी परकी बाई घरात येऊन आपल्याला ताई म्हणणार!

दुपारी एक म्हातारी खिडकीशी आली. रोजची, इस्पितळाच्या गाडीची. तिकिटाचे सुटे मोजता मोजता तिनं कान वर केला, भोंगा पुरता ऐकला, आणि म्हणाली, "काय गं, ही नवी कोण बोलते?"

भोंगाताईच्या ओठावर आलंच होतं, ते यंत्र आहे आजी.

"फार छान बोलते हो," म्हातारी म्हणाली. "तुझ्याहून स्पष्ट. राग मानू नको."

भोंगाताईनं काचेकडे पाहिलं. धाकटी पडद्यावर मान घालून पुढची गाडी लिहीत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"माझी धाकटी बहीण आहे," भोंगाताई म्हणाली. "ती बोलते."